गोरख उपाशी मध्यस्थीला गेला

पेणच्या खाडीकडल्या त्या गावात कुणाचं भांडण पेटलं की गोरखला बोलावणं यायचं. गडी तंटा मिटवण्यात पटाईत, पण अट एकच: आधी सुकटीचं झणझणीत कालवण नि तांदळाची भाकरी, मगच तोंड उघडणार. हात धुतले की असा गोड बोलायचा की हमरीतुमरीवर आलेलेही ओशाळायचे.

या वेळी भांडण लेकीच्याच घरात होतं. अनिताला रोह्यातल्या कंपनीत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण तिची सासू इंदुबाई नातवाला सांभाळायला तयार नव्हती. चांगली लागलेली नोकरी हातची जाणार, म्हणून गोरख तिच्या सासरी, वरसे गावाला निघाला. सोबत पुतणी स्वप्नाली, पुण्यात संशोधन करणारी.

"काका, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्या लढणाऱ्यांना आवरणाऱ्याही असतात," ती गाडीत सांगू लागली. "मी त्यांचाच अभ्यास करते. अगदी तुमच्यासारख्या!"

"मग खातात काय त्या?"

"जिथं राहतील तिथलं. चरबीतली चरबीवर पोसते, आतड्यातली आतड्यात मिळेल त्यावर. पण ते नीट मानवलं नाय, तर एखादी आवरायचं सोडून लढणाऱ्यांतच सामील होते."

"बिनकामाची म्हणायची!" गोरख हसला.

इंदुबाईला साखर नि बीपी, म्हणून घरात सगळ्यांनाच पथ्य. पानात आली बिनमिठाची दुधीची भाजी. अहो, जन्म मिठागरात गेलेला माणूस, आणि त्याच्या पानात मीठ नाही! दोन घास कसेबसे गिळून गोरखनं ताट सारलं. पोटात कावळे नि डोक्यात जाळ.

बोलणी सुरू झाली. अनिता मध्येच काही सांगू लागली आणि गोरखचं डोकं फिरलं.

"गप गो! कशाला हवी नोकरी? पोर टाकून कुठं उंडारतेस? घरात बस गुमान!"

अनिताचा चेहरा पडला. स्वप्नालीनं कपाळाला हात लावला.

"ओ व्याही!" इंदुबाई ताडकन उठली. "माझ्या सुनेला बोलायचं तर मी बोलेन. माझ्या घरात तिच्यावर आवाज चढवणारे तुम्ही कोण? सोमवारी ती कामाला जाणार. पोराला मी बघते!"

"काका, पेशी फिरली," स्वप्नाली त्याच्या कानात कुजबुजली.

काम फत्ते झालं होतं, पण गोरखला लेकीकडे बघवेना. पोरीला आपण असं बोललो, या लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. निघताना अनिता दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, मुद्दाम केलंत ना? त्यांना माझ्या बाजूला आणायला?"

"नाय गो अनू. खरंच चिडलो होतो. नको ते बोललो."

"नाटकी कुठचे!" ती डोळे पुसत हसली.

"खरंच गो," गोरख म्हणाला. पण आतून सासूची हाक आली होती, आणि अनिता केव्हाच आत पळाली होती.