नाळेने उतरायचं

डोंगरातलं सगळं आपल्याला कळतं, असं विजयचं ठाम मत होतं. नाशिकचा गडी, विशीत सह्याद्री पालथा घातलेला. आता दोह्यात वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर इंजिनियर. दोन वर्षं धड सुट्टी नाही आणि अखेर फेब्रुवारीत चार दिवस मिळाले, तर हा निघाला तुर्कस्तानात, एका विझलेल्या ज्वालामुखीवर स्की करायला. सोबत बारा वर्षांची लेक, चैत्राली.

"शेवटच्या दिवशी आम्ही नाळेने उतरणार," त्याने जेवताना जाहीर केलं. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचं तर ट्रेकर लोक आधी तीच शोधतात.

त्याच्या बायकोने, आसावरीने, हातातला घास खाली ठेवला. ती दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका कंपनीत जमीन तपासायची. इमारतीखालची माती किती भार पेलेल, हे सांगणं तिचं काम. त्या रिसॉर्टचा बर्फाचा रिपोर्ट ती आठवडाभर रोज वाचत होती. पायथ्याला साठ सेंटिमीटर, छान दाबलेला. वर मात्र वाऱ्याने सुळका खरवडून काढलेला, जागोजागी काळी खडी उघडी. मग उडालेला बर्फ गेला कुठे?

"तुझ्या नाळेत," ती म्हणाली. "वाऱ्याने आणून टाकलेला थर खालच्या थराला धरून नसतो. वजन पडलं की अख्खा सुटतो."

"दोह्यात बसून रिपोर्ट वाचायचे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच आहे, मॅडम."

"सह्याद्रीच्या नाळेत धोंडे असतात, विजय. तुला मरायचं तर जा. पोरगी येणार नाही."

"येणार. मी तिला प्रॉमिस केलंय. खलास!"

दुसऱ्या दिवशी आसावरीने चैत्रालीचा पासपोर्ट नेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. विजयने दोह्याजवळच्या उम्म सलालमधलं घर डोक्यावर घेतलं, नाही नाही ते बोलला आणि एकटाच गेला. चैत्राली चार दिवस आईशी बोलली नाही. आसावरीला ते फार लागलं, पण ती बधली नाही.

विजय परतला तो धडधाकट, फक्त नाक सोललेलं. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने फोटो दाखवला. पायथ्यावरून टिपलेली नाळ, आणि तिच्यात त्याच्या एकट्याच्या स्कीची नागमोडी रेघ.

"बघ. काही झालं?"

"यू वेअर राँग, आई," चैत्राली म्हणाली. "आय मिस्ड इट बिकॉज ऑफ यू." तो फोटो तिने आपल्या फोनवर वॉलपेपर लावला.

आसावरीला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. याच माणसासाठी ती चार दिवस देव पाण्यात घालून बसली होती.

संध्याकाळी तिने तो फोटो मोठा करून पाहिला. फोटोत भेगा शोधण्यातच तिची निम्मी नोकरी गेली होती. विजयची रेघ जिथे सुरू होत होती, त्याच्या जरा वर, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एक बारीक काळी भेग होती. थर सुटला होता आणि कशाला तरी अडकून थांबला होता.

तिने फोन विजयसमोर धरला. त्याने ती भेग बोटांनी आणखी मोठी करून पाहिली. मग खुर्ची ओढून बसला.

"उतरताना माझ्या मागे धप्पकन आवाज झाला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, वारा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चैत्रालीला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. तू सांगणार आहेस," आसावरी म्हणाली आणि तिने लेकीच्या दारावर थाप मारली.