सोंडवाला मासा

माशांची टाकी आमच्या घरात आली ती माझं तोंड बंद करायला. विलासनं तसं कधी कबूल केलं नाही, पण मी काय दूधखुळी नव्हते. मी माझ्या पासपोर्टचा विषय काढला की हा माशांवर बोलू लागायचा.

साल चौऱ्याऐंशी. लग्न झाल्यावर साताऱ्याच्या शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून मी बहारीनला आले होते. विलास इथल्या एका कंपनीत अकाउंटंट. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मी हजर नसले, तर नोकरी गेली, हे हेडबाईंनी निघतानाच बजावलं होतं. मी परत जायचं, नोकरी टिकवायची आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत सुट्ट्यांमध्ये येत राहायचं, हे लग्नाआधीच ठरलेलं. आता एप्रिल उजाडला तरी तिकिटाचा पत्ता नव्हता.

विचारलं की विलास म्हणायचा, "तुझा पासपोर्ट आमच्या ऑफिसच्या सेफमध्ये आहे गं. मॅनेजर रजेवरून आला की मागतो."

त्या मॅनेजरएवढी रजा मी शाळेत मागितली असती, तर हेडबाईंनी मला फळ्यासमोर उभं केलं असतं.

मनामा शहराच्या झिंज भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खिडकीत एसी घरघरत असायचा, म्हणून खिडकी उघडायची सोय नाही. मला गाडी येत नव्हती, अरबी येत नव्हतं. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, दूध-अंडी घेऊन वर येणं, एवढाच माझा प्रवास. सकाळी विलास दार ओढून गेला की मला अक्षरशः कोंडल्यासारखं व्हायचं. सात यत्तांना शास्त्र शिकवणारी बाई मी, आणि इथे दिवसभर त्याच्या शर्टांना इस्त्री करत बसलेली!

अशात ऑफिसातला एक इंग्रज बदलून गेला आणि त्याची दोन फुटी टाकी विलास उचलून घरी घेऊन आला.

"मासे तू निवडायचे," तो म्हणाला. "तुझ्या आवडीचे. मी मध्ये बोलणार नाही."

आवडीचं काहीतरी निवडायची संधी वर्षभरात पहिल्यांदाच मिळत होती. राग बाजूला ठेवून मी कामाला लागले. मनामाच्या बाजारात हाशिमचं माशांचं दुकान होतं. तिथे मी प्रश्न विचारून त्याचं डोकं खाल्लं. कोण कोणाला खातो, कोण कोणाचे पर कुरतडतो, कोणाला सोबत लागते, कोणाला एकांत. शोभेचे लाल-पिवळे मासे मला नकोच होते. मी चार काचमासे घेतले, ज्यांच्या अंगातून आरपार काटा दिसतो, आणि तळाशी वळवळणारे दोन पट्टेवाले, सापाच्या पिल्लासारखे. हे दोघे खाली, ते चौघे मध्ये, कोणी कोणाच्या वाटेला जाणार नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तेवढ्यात विलास कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टाकीपाशी ओरडला, "हेमा, अगं गणपती!"

काळपट, चपटा मासा, आणि तोंडाखाली चक्क सोंड! विलासनं चपला काढायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या.

हाशिम हात हलवत म्हणाला, "ये नहीं, सेठ. छोटा टाकी में मफी, नहीं चलेगा. ये बडा होता. लाइट नहीं मंगता. नीचे पत्थर नहीं, नरम रेती मंगता. नहीं तो सोंड खराब."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "हा आपल्याकडे चालणार नाही."

"गणपती समोर आला आणि नाही म्हणायचं? आपण सवय लावू त्याला."

मध्ये बोलणार नव्हता ना हा! मासा घरी आला.

मग काय, गणपती पाहायला माणसं येऊ लागली. विलासनं टाकी हॉलमध्ये ठेवली, वर ट्यूबलाइट, म्हणजे पाहुण्यांना दर्शन नीट व्हावं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका येताना कुंकू घेऊन येत. मासा मात्र टाकीतल्या शोभेच्या मडक्यामागे अंग चोरून बसलेला. काचमासे त्याला काही करत नव्हते, पट्टेवाल्यांची त्याला बाधा नव्हती. पण खाली खडे, डोक्यावर उजेड. खडे उकरून उकरून त्याची सोंड सोलवटली. तो खाईना. मला तर त्याच्याकडे पाहवेना, आणि का पाहवेना तेही मला नीट ठाऊक होतं.

एका शुक्रवारी सकाळी विलासच्या ऑफिसातला दत्तप्रसाद बायकोला, सुनीताला, घेऊन आला. संकष्टी होती. दत्तप्रसादनं भक्तिभावानं मोदकाचा तुकडा मोडला आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत पाण्यात सोडला. खोबरं, गूळ आणि तांदळाची पिठी! पाणी गढूळ झालं, एक काचमासा उलटा तरंगू लागला.

"पुरे!" मी बादली आणली. "हा आजच्या आज हाशिमकडे परत जातोय."

"घरातला गणपती दुकानात टाकणार?" विलास चिडला. "काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अरे, गणपती आणतात तेच मुळी पोचवायला. दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. बारा महिने डांबून ठेवलेला गणपती पाहिलायस कुठे? त्याचे दिवस भरले."

दत्तप्रसाद ओशाळून हसला. "वहिनींचं बरोबर आहे. जाताना मीच घेऊन जातो. संध्याकाळी दुकान उघडलं की पोचवतो."

मी मासा बादलीत घेतला. सुनीताही हसली. "माझेही दिवस भरले बाई. मंगळवारी गावी निघतेय, धाकट्या भावाचं लग्न आहे."

"पासपोर्ट मिळाला ऑफिसातून?" मी विचारलं.

"ऑफिसातून? ते फक्त ह्यांचे ठेवून घेतात. आपण बायका काय तिथे नोकरीला आहोत? आपले घरीच असतात की."

दत्तप्रसाद बादलीकडे पाहू लागला. विलास कोणाकडेच पाहत नव्हता. चहा कोणीच संपवला नाही. "पुढच्या वर्षी लवकर या" असं काहीसं पुटपुटत दत्तप्रसादनं बादली उचलली आणि दोघं गेली.

विलास उठला, त्यानं कपाट उघडलं आणि शर्टांच्या थप्पीखालून माझा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्याच शर्टांना मी वर्षभर इस्त्री केली होती. इतकी चीड मला जन्मात कधी आली नव्हती.

"मला वाटलं, जून उलटला की रमशील तू," तो म्हणाला. "भीती वाटायची गं. गेलीस आणि आलीच नाहीस तर? रोज वाटायचं."

त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं त्यात काही. मी पासपोर्ट पदराशी धरला.

"येशील ना परत?" त्यानं विचारलं.

सकाळी उठल्याउठल्या विचारलं असतं, तर मी हसून म्हटलं असतं, वेडा आहेस का, न यायला काय झालं?