चिंचेपासून सतरा पावलं

"रावसाहेब, पूर्वेच्या पट्ट्यात पुरलेली माणसं मोठी नव्हती, म्हणून ती न्हाईतच व्हय?"

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली होती. प्रश्न विचारणारी सोळा वर्षांची मेहमुदा खांबाला धरून उभी होती. तिच्या मागं दडलेली आक्का, केरबा सुताराची मुलगी, ओढणीत तोंड खुपसून हसत होती. पैज तिचीच. "खो-खोत लय उड्या मारतीस. ओव्हरशेराला सगळ्यांसमोर इचारून दाव, मग मानीन," असं ती तीनदा म्हणाली होती. मेहमुदानं विचारलं. विचारून झाल्यावर मात्र पैज, आक्का, सगळं मागं पडलं, आणि समोर राहिली फक्त रस्त्याच्या कामावर आलेल्या ओव्हरसियरच्या चष्म्याची जाड काच.

मुरगूडपासून चार मैलांवरचं हे गाव. साल अठ्ठ्याहत्तर. रस्ता रुंद होणार होता आणि आखणीच्या नकाशात तो कबरस्तानच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातून जात होता. पश्चिमेला दोन घडीव दगडांच्या कबरी होत्या, रफिक पैलवानाची आणि सुभेदार सिकंदरखानाची. नकाशावर त्यांच्याभोवती लाल गोल काढून खाली 'नामांकित' असं लिहिलं होतं. पूर्वेचा पट्टा नुसता कोरा.

"कुणाची गं ही?" ओव्हरसियरनं विचारलं.

"लालासाबची," सरपंच हंबीरराव म्हणाले. "कबरी खणतो त्यो. पोरगी हुशार हाय, पण तोंडाळ. सायेब, तिथं कोण न्हाई. नुसतं गवात हाय. मी जन्मल्यापास्नं बघतोय."

रस्ता तिथून गेला नाही, तर समोरून जाणार होता, म्हणजे हंबीररावांच्या उसातून. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

ओव्हरसियरनं टोपणानं कान खाजवला. "हे बघ मुली. ज्या जागेला नाव आहे आणि माप आहे, ती मी धरतो. नसेल ती मोकळी जमीन. उद्या बारा वाजता खुंट्या मारणार. त्याआधी यादी आण."

"आणतो," मेहमुदा म्हणाली.

आब्बांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

लालासाब तेव्हा कबरस्तानच्या फाटकापाशी कुदळीला दांडा बसवत होता. मुलीचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. चाळीस वर्षं तो हेच काम करत आला. गावात कुणी गेलं की पहिला निरोप त्याला. लग्नाच्या पंगतीत मात्र त्याला शेवटच्या ओळीत बसवायचे. जेवताना त्याच्या हातांकडं कुणी बघू नये म्हणून तो घास लहान घ्यायचा, हे मेहमुदानं लहानपणीच पाहिलं होतं.

"यादी हाय की," तो कपाळावर बोट ठेवून म्हणाला. "पण ही बाहीर काढायची नसती."

"का?"

"मातीत गेल्यालं मातीत ऱ्हावं."

"आब्बा, उद्या त्यावर डांबर पडंल. रोलर फिरंल."

लालासाबनं दांडा ठोकला. एकदा, दोनदा. मग म्हणाला, "वही आण."

बायका कबरस्तानात जात नाहीत, ही रीत. फाटकाला लागून घर असूनही मेहमुदानं कधी आत पाय टाकला नव्हता. ती बुटक्या भिंतीवर चढून बसली, पाय रस्त्याच्या बाजूला सोडून, आणि मान वळवून लिहायला तयार झाली.

लालासाबची रीत साधी होती. सगळी मापं मधल्या चिंचेपासून. अमुक पावलं उगवतीला, तमुक पावलं डावीकडं. मातीचा उंचवटा दोन पावसाळ्यांत बसतो, म्हणून तो प्रत्येकाच्या उशाशी वीतभर खोल ओढ्यातला एक गोटा पुरून ठेवायचा. गोटा लागला की जागा खरी.

"बाबूलाल नालबंद," त्यानं चिंचेला पाठ लावली. "चौदा पावलं." तो मोजत गेला, वाकला, कुदळीच्या टोकानं माती उकरली. गोटा नव्हता. बाजूला उकरलं. नव्हता.

"आसू दे. म्होरलं घे. खैरुनबी सुईण. एकवीस."

एकविसाव्या पावलावरही नुसती माती. त्यानं पुन्हा चिंचेकडं जाऊन मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो मध्येच थांबला आणि गवतात बसला. ऊन कलायला लागलं होतं. वहीचं पान कोरं होतं.

"सगळं गेलं डोस्क्यातनं," तो स्वतःशीच म्हणाला. "एवढी माणसं माझ्या भरवशावर निजली..."

आब्बांचा आवाज असा कधी फुटलेला मेहमुदानं ऐकला नव्हता. सभेत ऐटीत 'आणतो' म्हणून आलेली पोरगी ती हीच का, असं तिला वाटलं.

तिची नजर आब्बांच्या पावलांवर गेली. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेल्यापासून ते उजवा पाय ओढत होते. पाऊल आखूड पडत होतं.

"आब्बा, रफिक पैलवानाची कबर कितीवर?"

"दगडाचीच हाय ती. दिसत न्हाई व्हय?"

"सांगा तर."

"बावीस."

"चला बघू."

तो चालला. पैलवानाच्या दगडाला हात लागला तेव्हा एकोणतीस पावलं झाली होती.

आकडे सगळे जागेवर होते. ज्या पायांनी ते मोजले, ते पाय राहिले नव्हते.

"तुमचं पाऊल तवा केवढं पडायचं?"

लालासाबनं मुलीच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या पायांकडं पाहिलं. लंबूटांगी, शाळेत चिडवायचे तिला. बापाचीच उंची घेतली होती तिनं. त्यानं फाटकाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. पण असतं तरी त्यानं तेच केलं असतं, असं मेहमुदाला नंतर नेहमी वाटत राहिलं.

"चपला तितंच ठेव," तो म्हणाला. "डोईवर पदर घे. आन् खाली उतर. आतल्या अंगाला."

चिंचेला पाठ लावून मेहमुदानं आधी पैलवानाकडं मोजलं. बावीस. बरोब्बर बावीस. मग ती उगवतीकडं वळली. चौदाव्या पावलावर लालासाबनं कुदळ टेकवली आणि टोक दगडावर वाजलं.

"बाबूलाल नालबंद," तो म्हणाला, आणि आता थांबेना. "ह्येनं नाल मारल्याला बैल कधी लंगाडला न्हाई. लिव्ह." एकवीस. "खैरुनबी. निम्म्या गावाची नाळ हिनं कापली. तुझीबी." अकरा आणि डावीकडं चार. "गफूर पिंजारी. गावाच्या गाद्या ह्येनं भरल्या, सोता घोंगड्यावर मेला." तिन्हीसांजेपर्यंत तेहतीस नावं झाली.

"आजून एक हाय. सतरा पावलं."

तिनं मोजली. गोटा लागला, अगदी लहान, मुठीएवढा.

"नाव?"

"न्हाई. बाळ हुतं. सोळा वर्सांखालच्या श्रावणातलं. ओढ्याला पूर आल्याला, पलीकडं मसणवटीत जायची वाट न्हवती. खैरुनबीनं दुपट्यात गुंडाळून आणलं."

"कुणाचं?"

"पुरताना मी इचारत न्हाई."

"ठावं तर असंल."

"ठावं आसणं येगळं. खैरुनबीला जबान दिलीया मी." त्यानं माती परत सारखी केली. "नुसतं बाळ लिव्ह, आन् साल."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच माणसं जमली. कडेची पहिली खुंटी मारून झाली होती, बाकीच्या यादीसाठी थांबल्या होत्या. हंबीरराव उपरण्यानं वारा घेत उभे. रस्त्याच्या पलीकडं बायका, त्यांत हंबीररावांच्या पत्नी बाळाबाई. ही बाई मेहमुदा भेटली की दरवेळी थांबवायची, "कितवीत गं तू आता?" म्हणायची, आणि उत्तर ऐकून उगाचच मान हलवत पुढं जायची.

मेहमुदा भिंतीबाहेरून वाचत गेली. ओव्हरसियरचा माणूस तिच्या पावलाच्या हिशेबानं टेपनं मापून पहार मारून बघत होता. पहिल्याला गोटा लागला. पाचव्याला लागला. दहाव्यानंतर ओव्हरसियर स्वतः वाकून बघायला लागला.

"दगूड काय, कुठंबी लागंल," हंबीरराव म्हणाले. "आन् नालबंद, पिंजारी... ही काय नामांकित माणसं हाईत व्हय सायेब? आमचा रस्ता आडवायला मेल्याली माणसं उठवायला लागली ही पोरगी."

माणसांत हसू पसरलं. मेहमुदाचे कान तापले. तिनं लालासाबकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत उभा होता. तिनं पुढचं वाचलं, जरा मोठ्यानंच.

"चिंचेपासून सतरा पावलं. एक बाळ. नाव नाही. सोळा वर्षांखालचा श्रावण, ओढ्याला पूर आला ते साल."

पहार खाली गेली आणि बारीक आवाज आला.

"किती पावलं म्हणालीस?"

बाळाबाई रस्ता ओलांडून आल्या होत्या. डोईवरचा पदर घसरलेला, तसाच.

"सतरा," मेहमुदा म्हणाली.

"बाळे, मागं सर," हंबीरराव म्हणाले.

बाळाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ओव्हरसियरला म्हणाल्या, "बारशाच्या आदी गेलं, म्हणून नाव न्हाई. पोरगी हुती. ह्ये कोल्लापुरात आडकल्यालं, खैरुनबीला मीच म्हणलं न्हे म्हणून. लिवा. बाळाबाई हंबीररावाचं हाय ते."

हंबीररावांचं उपरणं हातातच राहिलं. त्यांनी लालासाबकडं बघितलं.

"सोळा वर्सं तू मला रामराम घालतोस," ते हळू म्हणाले. "एकदाबी बोलला न्हाईस."

"जबान दिल्याली, मालक."

हंबीरराव वाकले. चुन्याची रेघ ओढलेली पहिली खुंटी त्यांनी हलवून उपटली आणि ती हातात घेऊन आपल्या उसाच्या दिशेनं चालायला लागले. ओव्हरसियरनं नकाशाची सुरळी केली. "टेप गोळा करा," तो माणसाला म्हणाला. "आखणी परत करायची."

दिवेलागणीला मेहमुदाची आई चाँदबी भाकऱ्या थापत होती. बाजारात बायका काय काय बोलल्या ते ती तव्याला ऐकवत होती. "वाण्याची म्हातारी म्हणं, पोरीला आत न्हेली. आता हिला स्थळ कोण सांगून येनार?" लालासाब गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मेहमुदा वही पुन्हा पुन्हा चाळत होती. चौतीस जागा. एक तिला सापडत नव्हती.

"आब्बा, दादीआई कुठं हाय? तुमची आम्मा?"

तेलाचा हात थांबला.

"हाय त्याच पट्ट्यात. चिंचेपासनं एक्केचाळीस."

"मग काल सांगितलं न्हाईसा."

"कसं सांगू? गोटा न्हाई तिच्या उशाला. मी आठ वर्सांचा हुतो. सगळी गेल्यावर एकटाच मोजत आलो, इसरू नये म्हणून." त्यानं वाटी बाजूला सारली. "ती पावलं आठ वर्सांच्या पोराची. मोठा झालो तवा लय येळा मोजली. घावली न्हाई."

चाँदबीची भाकरी तव्यावर करपायला लागली. तिनं ती उलटली नाही.

मेहमुदा उठली. जमिनीवर एक पाऊल टाकलं, मग त्याच्यापुढं दुसरं, जेमतेम टाचेपुढं वीतभर. दारापर्यंत तशीच गेली आणि वळली.

"आम्मा, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. आब्बा, सकाळी मी परत आत जाणार हाय," ती म्हणाली. "लहान पावलं टाकून."