कडक भाकरी चालते का?

भुवनेश्वरीच्या दाताची क्लिप परत निघाली आणि मल्लेशचं डोकं फिरलं. मागच्याच आठवड्यात बसवलेली क्लिप! पोरीला मोटारसायकलवर मागं बसवून तो दाताच्या दवाखान्याकडं निघाला, तो रस्ताभर धुसफुसतच.

"ही बाई डिंकानं चिकटवतीय का काय?"

"अप्पा, हळू बोला की. लोक बघतेत."

क्लिपांचा हट्ट गंगम्माचा, भुवीच्या अव्वाचा, म्हणजे आईचा. भुवीचे वरचे दात पुढं आलेले. पोर हसताना तोंडावर हात धरायची, ते गंगम्माला बघवत नसे. मल्लेशला तेव्हा ती उगाच चैन वाटली होती. क्लिपा बसल्या आणि काही महिन्यांत गंगम्माच गेली. आता तिनं हाती घेतलेलं एवढं एक काम तरी धड पार पडावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि तेच पार पडत नव्हतं.

वैदेही मॅडमनी भुवीच्या तोंडात आरसा घालून बघितलं. "काय खाल्लंस?"

"काय न्हाय."

"काही खाल्ल्याशिवाय अशी निघत नाही. हे बघा, सारखी क्लिप निघाली तर दात सरकायचे थांबतात. असंच चाललं तर एक दिवस मला सगळ्याच काढून टाकाव्या लागतील. मग दात जसे होते तसे."

काढून टाकायच्या म्हटल्यावर मल्लेश ताडकन उठला. भिंतीवर एक पाटी होती, 'रुग्णांचे नेहमीचे प्रश्न'. त्यानं तिच्यावर बोट आपटलं.

"हितं काय लिवलंय? काय खाऊ नये? बर्फ, पॉपकॉर्न, च्युइंगम. ह्यातलं माझ्या घरात काय येतच न्हाय! मी सोता रोज वरणभात शिजवून घालतोय पोरीला. तुमचा चिकटवायचा मसाला कच्चा, आन् नाव पोरीचं घेताय व्हय?"

बाहेर बसलेल्या बायका दारातून डोकावायला लागल्या.

"अप्पा," भुवी म्हणाली. "मी भाकरी खाल्ली. अव्वाची."

मल्लेशचं बोट पाटीवरच राहिलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी गंगम्मानं कडक भाकऱ्यांची चळत करून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली होती. मी नसताना तुमचे हाल नकोत, म्हणाली होती. ती परत आली नाही. मल्लेशनं तो डबा फळीवर ठेवला आणि त्याला हात लावला नाही.

"मी त्यातला तुकडा मोडला न्हाय," तो ओरडला. "आन् तू चोरून खातीस?"

"तुमी बघत बसा डब्याकडं. मला खावीशी वाटती."

मॅडमनी पाटीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सोलापुरात दवाखाना टाकून मी पाटीवर कडक भाकरी लिहिली नाही, ते चुकलंच. पण भुवी, तुला माहीत होतं ना?"

भुवीनं मान खाली घातली.

"ह्या क्लिपा निघणार कधी?" मल्लेशनं विचारलं.

"जपल्या तर पुढच्या दिवाळीला."

"तवर भाकरी टिकत न्हाय."

"मग भिजवून खाऊ दे तिला. चुरा करून, आमटीत. पार मऊ झाल्यावर."

"भिजल्यावर अव्वाची लागत न्हाय ती," भुवी पुटपुटली.

घरी आल्यावर मल्लेशनं डबा खाली काढला. झाकण उघडताच भाजक्या तिळाचा वास आला. डबा अर्धा रिकामा झाला होता. त्याला परत संताप आला, पण आता तो नेमका कुणावर, ते कळेना. त्यानं भाकरी फडक्यात गुंडाळली आणि गंगम्मा फोडायची तशी मुठीनं फोडली. चुऱ्यावर गरम आमटी ओतली.

"भिजू दे. मी सांगेपर्यंत हात लावू नको."

खाली पडलेला एक तुकडा त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. भुवी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"एकटेच खाताय व्हय?"

त्यानं चावणं थांबवलं. मग दुसरी वाटी घेतली, आपला चुराही आमटीत बुडवला आणि तिच्यासमोर बसला. दोघं चुरा फुगायची वाट बघत राहिले.

भुवीनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अळणी हाय. अव्वानं असली आमटी ताटात घेतली नसती."

"मग शिकवून जायचं होतं की तिनं," मल्लेश फणकारला आणि मिठाची वाटी तिच्याकडं सरकवली.