तीन डोळ्यांचा डवला

मी एक जुना डवला आहे. नारळाच्या करवंटीला बांबूचा दांडा बसवला की डवला होतो, आणि त्याने पेज, आमटी, भात काय हवे ते वाढता येते. मी मात्र फक्त भात वाढतो. आमटी माझ्यात टिकत नाही, कारण मला डोळे आहेत आणि त्यांतला एक आरपार आहे. मित्रांनो, डवला करणारा शहाणा माणूस डोळ्यांकडची करवंटी कधी घेत नाही, दुसरी घेतो. माझी घेतली ती मुद्दाम. ती का, हे सांगायचे तर मला थेट माडापासून सुरुवात करायला हवी.

माझा जन्म मिठबावचा. गुरुदासच्या घरामागे विहिरीच्या कडेला एक माड होता, मोरीचे पाणी पिऊन वाढलेला. त्याच्या शेंड्यावर मी वर्षभर वारा खात मजेत होतो. एकोणीसशे एकोणसाठ साली दिवाळी झाल्यावर पाडेली माडावर चढला आणि त्याने आम्हां चाळीस भावंडांना खाली उतरवले. गुरुदासची बायको यशोदा आमच्यात येऊन बसली. एकेक नारळ कानाशी धरून ती हलवून बघत होती. माझ्यापाशी ती थांबली. माझे पाणी तिला आवडले असावे. बाकीचे पुढे कढीत नि कालवणात गेले, मी तेवढा वेगळा निघालो, आणि खरे सांगतो, तेव्हा मला थोडा गर्व झाला.

गुरुदास परदेशी आगबोटीवर खलाशी होता. सव्वा-दीड वर्षाने घरी यायचा, दोन महिने राहायचा नि पुन्हा जायचा. त्या घरची एक रीत होती. तो निघायच्या दिवशी एक नारळ शेंडी ठेवून सोलायचा, तांबड्या फडक्यात गुंडाळून पडवीच्या वाशाला टांगायचा आणि त्याने स्वतः परत येऊन दाराच्या पायरीवर फोडायचा. दुसऱ्या कुणी त्याला कोयती लावायची नाही. तोवर शेंडीही हलवायची नाही, कारण शेंडीखाली नारळाचे डोळे असतात. ते उघडे पडले की नारळ त्याच दिवशी फोडायचा, असा गावचा नियम. माझ्याआधी असे आठ नारळ टांगले गेले आणि आठही गुरुदासने हसत हसत फोडले होते. मी नववा.

"मी येवन फोडतलंय गो. तू रडा नको," तो यशोदेला म्हणाला आणि ट्रंक खांद्यावर टाकून पाणंदीने गेला. सुनीती, त्याची मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची होती. ती वळणापर्यंत त्याच्या मागे गेली.

टांगून राहणे हे काही फार कष्टाचे काम नाही, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. दर अमावास्येला यशोदा मला खाली उतरवायची, फडक्यावरची धूळ झटकायची आणि कानाशी धरून हलवायची. माझे पाणी आत डुबूक करायचे. "पाणी आसा," ती स्वतःशीच म्हणायची आणि मला परत वर टांगायची. गुरुदासची पत्रे येत होती. त्याला लिहिता येत नव्हते. बोटीवर शेजारच्या गावचा बाबू नावाचा खलाशी होता, तो त्याच्यासाठी लिहायचा. सुनीती ती पत्रे माझ्याखाली बसून मोठ्याने वाचायची, म्हणून मलाही जगाची थोडी माहिती झाली.

साठ सालच्या गणपतीनंतर पत्रे थांबली. दिवाळी गेली, शिमगा गेला. गुरुदासच्या येण्याची वेळ उलटून गेली. मुंबईत ज्या खोलीच्या पत्त्यावर त्याचे टपाल यायचे तिथे यशोदेने दोन पत्रे घातली. दोन्ही परत आली. खोलीतली माणसे दुसरीकडे राहायला गेली होती आणि कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हते.

आणि मग आषाढातल्या अमावास्येला माझे पाणी वाजले नाही. यशोदेने मला तीनदा हलवले. दारे लावून घेतली नि चौथ्यांदा हलवले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अगं, मी आटत चाललोय, एवढेच, नासलो नाही. पण नारळाला तोंड कुठे असते? तिने मला जागेवर टांगले आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. त्यानंतर ती मला उतरवेनाशी झाली. माझ्यावर काजळी बसली, कोळ्याने फडक्यापासून वाशापर्यंत घर बांधले. येणारे-जाणारे माझ्याकडे बघायचे आणि लगेच नजर दुसरीकडे वळवायचे. मित्रांनो, लोकांनी टाकून दिलेले परवडते. असे चुकवलेले परवडत नाही.

सुनीती आठवीत गेली तेव्हा तिला इंग्रजी सुरू झाले. मास्तर हौशी होते. शब्द शिकवला की त्याचे कूळ-मूळ सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माघ महिन्यातल्या एका दुपारी सुनीती शाळेतून आली ती आवशीला धडा सांगतच.

"आई, इंग्रजीत नारळाक कोकोनट म्हणतत. कित्याक म्हायत आसा?"

यशोदा तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली, पण ऐकत होती.

सुनीतीने मग मास्तरांसारखा आवाज काढून सगळे सांगितले. पोर्तुगीज दर्यावर्दी पहिल्यांदा आमच्या किनाऱ्यांवर आले तेव्हा त्यांनी नारळ सोलून बघितला. त्यांना तीन डोळे दिसले, दोन डोळे नि एक वासलेले तोंड असा चेहराच. त्यांच्याकडे पोरांना भीती घालायला एक बागुलबुवा असतो, दात विचकणारा, त्याला ते 'कोको' म्हणत. तेच नाव त्यांनी आम्हांला दिले. इंग्रजांनी ते उचलले नि मागे 'नट' जोडले, नट म्हणजे टणक कवचाचे फळ. शिवाय इंग्रज माणूस गमतीने माणसाच्या डोक्यालाही कोकोनट म्हणतो.

मला राग आला, लपवत नाही. इकडे आम्हांला श्रीफळ म्हणून पाटावर बसवतात आणि ह्या पाहुण्यांनी आमचा बागुलबुवा करून टाकला. पण सुनीतीला त्यात भीतीचे काहीच दिसले नाही. तिने फक्त एवढेच धरले की नारळाला चेहरा असतो. ती बराच वेळ माझ्याकडे वर बघत उभी राहिली. बापाचा चेहरा तिला आता नीटसा आठवत नव्हता. ते दिसायचे कसे, असे तिने एकदा आवशीला विचारलेही होते आणि यशोदा उठून आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यशोदा धुणे घेऊन व्हाळावर गेली. सुनीतीने पाटावर पाट ठेवले, मला उतरवले, फडके सोडले आणि शेंडीचा एकेक केसर उपटायला सुरुवात केली. मित्रांनो, मला उजेड दिसला. सव्वादोन वर्षे फडक्याआडून अंधुकच दिसत होते, घर नीट कसे आहे हे मला त्या दिवशी कळले. तिने मला पुन्हा वाशाला बांधले, पण डोळे पाणंदीकडे करून.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आता घराकडची वाट दिसता मां?"

यशोदा परत आली तेव्हा धुण्याचा पिळा तिच्या हातातून अंगणात पडला. तिने मुलीला मारले नाही, ओरडलीही नाही. ती पायरीवर बसली. शेजारचे दाजी, गुरुदासचे चुलते, गावात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांचा, ते हे बघून काठी टेकत आले.

"शेंडी काढल्यार नारळ तसो ठेवचो नाय, यशोदा," ते म्हणाले. "दिस बुडाच्या आत फोडूक होयो."

"तेंनी येवनच फोडूचो," यशोदा म्हणाली. तिने मला उतरवून मांडीवर घेतले. "आज हो फोडलंय, तर तेंची आशा सोडलंय असा होता. माज्या हातान ह्या व्हवचा नाय."

 दाजींनी सुनीतीकडे बघितले. "कित्याक काढलंस गो चेडवा?"

सुनीतीने खाली मान घालून कोकोचे सगळे सांगितले. "डोळे झाकलेले म्हणान बाबांका वाट गावत नसात, असा माका वाटला," ती शेवटी म्हणाली आणि रडू लागली.

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला. नियम त्याला तोंडपाठ होता, पण पोरही त्याच्याच घरची होती. मग तो उठला, अंगणात तुळशीसमोर उभा राहिला आणि त्याने मला दोन्ही हातांत धरले.

"बा देवा म्हाराजा," दाजी म्हणाले, "ह्या घरच्या नारळाची शेंडी एका चेडवाच्या हातान सुटली. बापाशीक वाट दिसाक होयी म्हणान तेणा ती सोडली. चूक झाली असली तर पोटात घाल. आणि तेचो बापूस जंय असात थंयसून तेका सुखरूप घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा," यशोदा नि सुनीती म्हणाल्या. त्या दोघीच होत्या.

मी पुन्हा वाशाला लागलो, उघड्या डोळ्यांनी. पण सुनीतीच्या मनातून गोष्ट जाईना. बाबा आले नाहीत तर ते माझ्यामुळे, असे तिने धरून ठेवले. जेवताना ती दोन घास खाऊन उठायची. शाळेतून आली की माझ्याखाली बसायची आणि पाणंदीकडे बघायची. मीही तिकडेच बघत होतो, दुसरे करण्यासारखे मला काही नव्हतेच. गाई जायच्या, पोस्टमन जायचा, थांबायचा मात्र नाही.

असे सव्वीस दिवस गेले. शिमगा आला. मुंबईची माणसे भरून आलेली बोट देवगडला लागली आणि गावात घरोघर पाहुणे पोचले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणंदीच्या वळणावर एक माणूस दिसला. त्याच्या काखेत कुबडी होती. तो थांबला, त्याने माझ्याकडे टक लावून बघितले, आणि मग तो कुबडीवर जमेल तेवढ्या घाईने चालू लागला. यशोदेने त्याला चालण्यावरून ओळखले नाही. ओळखले ते खाकरण्यावरून.

एका इंग्रजी बंदरात गुरुदास बोटीच्या तळात पडला होता आणि त्याच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. त्याला इस्पितळात ठेवून बोट पुढे गेली, आणि बोटीबरोबर पत्रे लिहिणारा बाबूही गेला. पाय चिघळला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, वर्ष उलटले. तिथे मराठी लिहिणारे कुणी नव्हते. नर्सबाई विचारायच्या, घर कुठे? त्याला सांगता येईना. मग त्याने कागदावर एक गोल काढला, त्यात तीन टिंबे दिली, आणि बोटीवर ऐकलेला एक शब्द म्हणाला, "कोकोनट." तेव्हापासून सगळे इस्पितळ त्याला मिस्टर कोकोनट म्हणू लागले. ते नाव फिरत फिरत बंदरावरच्या एका गोव्याच्या आचाऱ्यापर्यंत गेले. तो हसतच बघायला आला आणि गुरुदासची भाषा ऐकून त्याच्या उशाशी बसला. त्याने पत्र लिहिले, पण ते त्याच मुंबईच्या खोलीवर गेले. त्याने बोट कंपनीच्या साहेबांच्या पाठी लागून गुरुदासला परतीच्या बोटीवर बसवले, ते मात्र नीट पार पडले.

हे ऐकून सुनीती दाराआडून बाहेर आली. "बाबा, नारळाची शेंडी मी काढलंय," ती म्हणाली. "तुमी येवच्या आदी."

"कदी?"

तिने दिवस सांगितला. गुरुदासने बोटांवर मोजले. "तेव्हा मी बोटीर बसान आठ दिस झालेले, बाय," तो म्हणाला. "तुज्या हातान वायट काय झाला नाय."

मित्रांनो, मीही इथे खरे ते सांगतो. माझ्या डोळ्यांनी त्याला आणले नाही. मला पाणंदीच्या वळणापलीकडचे काही दिसतही नव्हते. पण त्याने पुढे जे सांगितले ते मी अजून विसरलो नाही.

"देवगडसून येताना माका एकच भय होता. नारळ फोडलेलो असात तर? म्हणजे माका सोडल्यानी. वळणार ईलंय, तर तो माज्याकडेच बघता."

मग त्याने कोयती मागितली. यशोदेचा चेहरा उतरला. आठ महिने तिने मनात दाबून ठेवलेली गोष्ट आता सगळ्यांसमोर येणार होती. आतून काळे पाणी निघाले तर? गुरुदास पायरीवर बसला, त्याने मला डाव्या हातात धरले आणि एकच घाव घातला. पाण्याचा थेंब निघाला नाही. पांढरा, गोल, सुका खोबऱ्याचा गोटा माझ्यातून सुटला आणि घरंगळत यशोदेच्या पायाशी गेला. तिने तो उचलला, हुंगला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. दाजींना दात नव्हते. त्यांनी आपला तुकडा संध्याकाळपर्यंत चघळला.

गुरुदास पुन्हा समुद्रावर गेला नाही. त्याने माझी डोळ्यांकडची करवंटी घासली, बांबूचा दांडा बसवला आणि यशोदेला दिली. "गळतलो," ती म्हणाली. "भात वाढ," तो म्हणाला. मी तेच करतो आहे. कुणी म्हणते भोक बुजवा, कुणी म्हणते नवा स्टीलचा घ्या. यशोदा ऐकून घेते नि मला धुऊन जागेवर ठेवते. तुमच्या घरातही असा एखादा गळका, चिरलेला कुणी असेल, तर टाकण्याआधी त्याची कथा तेवढी विचारा.

अडुसष्ट साली सुनीती नर्सचे शिक्षण घ्यायला मुंबईला गेली. निघायच्या सकाळी यशोदेने नारळ सोलला आणि फडके घेतले. मग काय वाटले कोण जाणे, फडके बाजूला ठेवले आणि स्वतःच्या हाताने त्याची शेंडी उपटली. दाजी आता नव्वदीला टेकले होते. ते समोरच बसले होते. त्यांनी बघितले आणि तपकीर ओढली.

तो नारळ आता माझ्या जागी पडवीत असतो, पाणंदीकडे तोंड करून. चुलीजवळच्या खुंटीवरून मला तो दिसतो. आत त्याचे पाणी आहे की आटले, मला माहीत नाही. यशोदा त्याला अमावास्येला उतरवत नाही, कानाशी धरून हलवत नाही. सुनीतीचे पत्र दर पंधरा दिवसांनी येते. दोनच ओळींचे असते, पण येते.

म्हणून मित्रांनो, लांब गेलात तर तेवढे लिहीत जा.