मुका टॅपेट

सूर्यभान मिस्त्रीचं गारखेड्यात पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिनाचं हेड उतरवायचं तर त्याच्याच हातून, असं पिशोर-सोयगावकडचे जीपवालेसुद्धा म्हणायचे. लांब पेचकसाचं टोक तो चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि आतला कुठला व्हॉल्व दुखतोय ते सांगायचा.

हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले, व्हॉल्व सारखे उघडतात, मिटतात. त्यांना उघडायला खालून टॅपेट रेटा देतात. टॅपेट आणि व्हॉल्व यांच्यात नखाएवढीही नाही, अशी बारीक फट ठेवावी लागते. फट वाढली तर इंजिन खडखडतं. फट उरलीच नाही, तर काहीच वाजत नाही. पण तापलेला व्हॉल्व पुरता मिटत नाही आणि जळत जातो. सूर्यभान म्हणायचा, वाजणाऱ्याचं भ्या नाय, मुक्याचं भ्या.

पन्नाशी ओलांडली आणि त्याचे कान जाऊ लागले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की शिरा मेल्यात, यंत्र लावूनही उपयोग नाही. गिऱ्हाईक एकेक करून दुसरीकडं वळलं. राहिला फक्त पुंजाराम. पिशोर ते औरंगाबाद तो काळी-पिवळी जीप चालवायचा. पहिल्यापासून त्याची गाडी सूर्यभानकडंच यायची. दुसऱ्या ड्रायव्हरांनी समजावलं, तरी त्यानं ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात पुंजारामची जीप टॅपेट लावायला आली. सूर्यभाननं फट मोजायचं पत्तीचं गेज काढलं. पत्ती फटीत घालायची, स्क्रू फिरवायचा, वरचा नट आवळायचा, असं त्यानं आठही व्हॉल्वना केलं. नट आवळताना खालचा स्क्रू कधी कधी सोबत फिरतो आणि फट बुजते. म्हणून पत्ती पुन्हा घालून बघावी लागते. पण सूर्यभानला ती सवयच नव्हती. आजवर ती चूक त्याला कानानंच कळत आली होती.

जीप चालू करून त्यानं बायकोला हाक मारली. सुगंधाबाई पीठ मळता मळता उठून आली. पेचकस कानाला कसा धरायचा ते तिला त्यानं महिनाभर शिकवलं होतं. सगळीकडं सारखं टिकटिक वाजलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक. ती पेचकस एकेका जागी टेकवत गेली. मागच्या बाजूला एका ठिकाणी थांबली, परत मागं आली, परत तिथंच टेकवला.

"अवो, इथं वाजंना," ती त्याच्याकडं तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली.

सूर्यभाननं झाकणावर तळहात ठेवला. इंजिन एकसारखं थरथरत होतं. पुंजाराम समोर उभा होता. त्याच्यासमोर बायकोच्या सांगण्यावरून पुन्हा झाकण खोलायचं, हे सूर्यभानच्या जिवावर आलं.

"तुला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "पत्ती घालून लावलंय मी."

सुगंधाबाई पेचकस ठेवून आत गेली. जीप निघाली.

काही दिवसांनी पिशोरच्या अलीकडच्या चढावर, भरल्या गाडीनिशी, इंजिन दणकन वाजून बंद पडलं. कुणाला लागलं नाही. उतारू दुसऱ्या गाडीनं गेले. पुंजारामनं जीप ट्रॅक्टरला बांधून गारखेड्यापर्यंत ओढत आणली आणि गॅरेजसमोर लावली.

सूर्यभाननं हेड उतरवलं. एका व्हॉल्वची कड जळून गेली होती. तो तुटून खाली पडला होता. त्यानं पिस्टन फोडलं होतं आणि हेडलाही तडा पाडला होता. मागचाच होता तो, सुगंधाबाई थांबली होती तिथला. सूर्यभाननं त्याच्या वरची फट बघायला पत्ती लावली. पत्ती शिरली नाही. त्यानं दुसऱ्यांदा लावली, मग ती खाली ठेवून दिली.

"माझंच चुकलं, पुंजाराम," तो म्हणाला. "हिनं सांगितलं व्हतं. मी ऐकलं नाय."

पुंजारामनं पाठ फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून काहीतरी बोलला. बरंच बोलला. सूर्यभानला फक्त त्याचे खांदे हलताना दिसले. दारात उभ्या सुगंधाबाईनं मात्र सगळं ऐकलं.

तो गेल्यावर सूर्यभाननं विचारलं, काय म्हणला? तिनं मान हलवली.

"काय नाय. जातो म्हणला."

तिच्या ओठांवरून त्याला शब्द कळले. ते खरे नाहीत, हेही कळलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

ते इंजिन परत उभं राहण्यासारखं नव्हतं. जीप भंगारात गेली. पुंजाराम वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून लागला, आणि गारखेड्याकडं पुन्हा आला नाही. सूर्यभाननं गॅरेज पंक्चरवाल्याला दिलं. सकाळी तो तिथंच बाकावर येऊन बसतो. रस्त्यानं गाड्या जातात. ओळखीचं कुणी थांबून काही विचारलं, तर तो हसून मान डोलावतो. काय विचारलं ते त्याला कळलेलं नसतं.