केशवच्या नावाचं दुखणं

गोळ्यांची बाटली बारा दिवसांत रिकामी व्हायला हवी होती. बाराव्या दिवशीही ती भरलेलीच दिसली, तेव्हा शामलाने गोळ्या ताटलीत ओतून मोजल्या. चोवीसच्या चोवीस.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती सदर भागातल्या आपल्या घराजवळच पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे.

"आई, गोळ्या काहून नाही घेतल्या तू?"

प्रेमिलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. छातीतला कर्करोग मणक्यात उतरला होता. कूस बदलायची म्हटलं की त्या आधी दात आवळत आणि मग जड पोतं सरकवावं तसं स्वतःला सरकवत.

"ईस्टरपर्यंत उपासकाळ आहे वं."

"उपास जेवणाचा असते. औषधाचा नसते."

"मी साखर सोडली, गोळ्याही सोडल्या. हे सारं केशवसाठी वाहून राहिली मी."

केशव शामलाचा मोठा भाऊ. सहा वर्षांपूर्वी सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत गेला, तिथे दारूला लागला. चर्च सुटलं, पत्रं थांबली. ईस्टरला चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला त्याने एकदा येऊन पापकबुली द्यावी, एवढंच आईचं मागणं होतं. त्यासाठी तिने आपलं दुखणं क्रूसावरच्या दुखण्याशेजारी नेऊन ठेवलं होतं.

"देवाले काय करायचं आहे तुझ्या दुखण्याचं?"

"स्वतःच्या लेकाचं घेतलंच ना त्यानं, क्रूसावर? मंग माझं काहून नाही घेणार?"

आजाऱ्यांना प्रसाद द्यायला आलेल्या फादरनीही समजावून पाहिलं, औषध घेणं हे पाप नव्हे म्हणाले. प्रेमिलाबाईंनी हात जोडून ऐकून घेतलं. फादरची सायकल फाटकाबाहेर पडताच त्या म्हणाल्या, "पोरगं माझं आहे, त्याईचं नाही."

दुसऱ्या दिवशी शामलाने खलात एक गोळी कुटली. गोळी कडू होती आणि आई साखरेला हात लावत नव्हती, म्हणून तिने ती संत्र्याच्या आंबट रसात मिसळली. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. प्रयोगशाळेच्या जुन्या वहीत तिने वेळ लिहिली, प्रमाण लिहिलं आणि आई रात्री किती वेळा कण्हली तेही लिहिलं. पहिल्या दिवशी एकतीस वेळा. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी दोन.

चौथ्या दिवशी, बुधवारी, ती कामावरून आली तेव्हा आई उशीला टेकून बसलेली होती. शामलाला इतका आनंद झाला की चपला काढायचीही ती विसरली. मग तिला दिसलं की आई रडते आहे, आणि भिंतीवरचा केशवचा फोटो उतरवून खाटेवर पालथा ठेवला आहे.

"काय झालं?"

"दुखून नाही राहिलं."

"मंग हे चांगलंच झालं ना. रडून काहून राहिली?"

"त्यानं नाही घेतलं, शामला. परत केलं. सडकं संत्रं गिऱ्हाईक परत टाकते ना टोपल्यात, तसं. माझ्यातच काही खोट असन." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "केशव गेला आता."

"आई, दुखणं औषधानंही उतरते."

"मी कुठं औषध घेतलं?"

त्यांनी सरळ नजरेने विचारलं. सांगितलं तर आई तिच्या हातचं पाणीही पिणार नव्हती. नाही सांगितलं तर देवाने झिडकारलेली बाई म्हणून मरणार होती. प्रयोगात असं कधी होत नसे. काहीतरी चुकलं की तिथे निदान नळी धुऊन पुन्हा सुरुवात करता येई.

गुरुवारी आईने जपमाळ हातात घेतली नाही. पेजही तशीच राहिली. तोंडाशी नेला म्हणून रस तेवढा प्याली.

शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, सकाळी रस्त्यावरून क्रूस घेऊन 'क्रूसाची वाट' ही प्रार्थना करत लोक चालले होते. त्यांचं गाणं खिडकीतून आत येत होतं. शामलाने संत्रं सोललं, गोळी खलात टाकली आणि बत्ता उचलला. बराच वेळ तो तिच्या हातात तसाच होता. मग तिने गोळी उचलून बाटलीत परत टाकली आणि नुसता रस नेऊन दिला.

तीनच्या सुमाराला ते आलं. प्रेमिलाबाईंनी खाटेची लोखंडी पट्टी धरली, पाठ कमानीसारखी उचलली गेली, दाताखाली ओठ फुटून रक्त आलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "शामला, आलं वं! घेतलं त्यानं!"

एवढा उजळलेला चेहरा शामलाने त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"फोटो दे माह्या पोराचा."

शामलाने फोटो दिला. तो छातीशी धरून त्या ओरडत होत्या. शामला शेजारी बसून होती. वही तिने उघडली नाही.

ईस्टर झाला. केशव आला नाही. "रस्त्यात असन," प्रेमिलाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जेमतेम कानाशी पोचत होता.

शामला रस गाळत होती. पेला भरल्यावर तिने एक घोट घेऊन पाहिला. कडू नव्हता. बाटलीतल्या गोळ्या शुक्रवारपासून तेवढ्याच होत्या.

"तू काय सोडलं होतं वं, या उपासकाळात?" आईने विचारलं.

"काही नाही, आई," ती म्हणाली आणि पेला त्यांच्या तोंडाशी धरला.